ऑस्ट्रेलियाहून आलेला डबा

शारजात घरी पत्र येत नाही. सगळ्यांची पत्रं कुठल्या ना कुठल्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर येतात, आणि आमची माझ्या नवऱ्याच्या ऑफिसच्या बॉक्सवर यायची. त्यामुळे शाळेच्या टपालात माझ्या नावाचं काही असायचं कारण नव्हतं. तरी दर दोन-तीन महिन्यांनी कांगारूच्या तिकिटाचं, वर माझं नाव टाइप केलेलं जाडजूड पाकीट स्टाफरूमच्या टेबलावर पडायचं आणि सगळ्या बायका माझ्याकडे बघायच्या. तिकिटासाठी एकीने तर नंबरच लावून ठेवला होता.

पाकीट यायचं ऑस्ट्रेलियातल्या एका लहानशा प्रकाशनाकडून. चार-पाच माणसं स्वतःच्या हिमतीवर मुलांची पुस्तकं काढायची, कुठल्या मोठ्या कंपनीची मालकी नाही. शारजाच्या पुस्तक प्रदर्शनात मी त्यांचं एक चित्रांचं पुस्तक घेतलं होतं. आत एक कार्ड होतं, शिक्षक असाल तर पत्ता कळवा. मी शाळेचा कळवला. तेव्हापासून त्यांचं वार्तापत्र येऊ लागलं. कुठलं पुस्तक छापून आलं, कुठल्या चित्रकार बाई कुठल्या गावच्या शाळेत जाऊन आल्या, गोदामाचं छप्पर गळून कुठली पुस्तकं भिजली, सगळं अगदी शेजारीण जिन्यात भेटून सांगते तसं लिहिलेलं. आणि सोबत प्रत्येक पुस्तकाच्या टीचर्स नोट्स. पुस्तक वर्गात कसं वाचावं, कुठे थांबावं, मुलांना काय विचारावं.

पुण्यात मी बी.एड. केलं होतं, सहा-सात वर्षं शिकवलंही होतं. पण एका गोष्टीसाठी कुणीतरी एवढा विचार करून ठेवतं, हे मला नवीन होतं. आमच्याकडे धडा वाचायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहायची, खलास.

अर्थात त्या नोट्स जशाच्या तशा आमच्या कामाच्या नव्हत्या. मुलांना बाहेर गवतावर आडवं करा आणि ढग बघू द्या, असं एकीत होतं. मे महिन्यात मी आमच्या शाळेच्या अंगणात मुलांना आडवं केलं असतं तर मला पोलिसांनी नेलं असतं. झाड एकच होतं आणि त्याखाली प्रिन्सिपॉलबाईंची गाडी असायची.

ही भारतीय शाळा, इंग्रजी माध्यमाची. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या माझ्यासारख्या बायका तिथे शिकवायच्या. घरी बसून कंटाळतात म्हणून येतात, असं मॅनेजमेंट धरून चालायचं आणि पगारही त्याच हिशोबाने द्यायचं. मी तिसरीची वर्गशिक्षिका होते. गणिताचं पुस्तक त्यांचं, व्याकरणाचं पुस्तक त्यांचं, कुठल्या आठवड्यात काय शिकवायचं हेही त्यांचंच. फक्त आठवड्यातून दोनदा वाचनाचा तास असायचा, त्यात काय करावं हे कुणी ठरवलेलं नव्हतं, कारण त्या तासाला मुलं डुलक्या घ्यायची. तो मी मागून घेतला. तो सोडला तर त्या शाळेत माझं म्हणावं असं काही नव्हतं.

त्या वर्षी एप्रिलमध्ये मी ते ऑस्ट्रेलियन पुस्तक वर्गात काढलं. एका मुलीचे आजोबा वारतात आणि तिला शेतावर कुठेतरी काहीतरी ठेवून जातात, एवढीच गोष्ट. ती वस्तू शेवटच्या पानावर सापडते, कोटाचं एक मोठं बटण. नोट्समध्ये लिहिलं होतं, मुलांना अंदाज करू द्या. कसा, ते लिहिलं नव्हतं.

ते मला माहीत होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये, अल मजाजला, नवरात्रातल्या एका शुक्रवारी आम्ही मराठी बायका भोंडला करायचो. पाटावर हत्ती काढायचा, फेर धरायचा आणि शेवटी खिरापत. झाकलेला डबा आणायचा, वाजवून दाखवायचा आणि आत काय आहे ते सगळ्यांनी ओळखायचं. गोड की तिखट, ओलं की कोरडं. अजिबात आवाज न करणारी खिरापत करणारी बाई सगळ्यात हुशार. मी घरचा तोच कडीचा स्टीलचा डबा पिशवीत घातला, आत एक बटण टाकलं आणि शाळेत नेला.

अर्धी गोष्ट वाचायची, पुस्तक मिटायचं, डबा वाजवायचा. मुलांनी प्रश्न विचारायचे, मी फक्त हो किंवा नाही म्हणायचं. मग आणखी दोन पानं वाचायची, पुन्हा डबा. नाणं, अंगठी, खजुराची बी, सगळं झालं. शाळा सुरू झाल्यापासून तोंड न उघडलेली एक मुलगी उठून म्हणाली, दात असेल, आजोबांचा. वर्ग हसला नाही. सगळे गंभीरपणे विचार करू लागले की दात असेल तर कुठला. माझी मुलगी त्याच वर्गात होती. शाळेत ती मला मिस म्हणायची. त्या दिवशी घरी येताना तिने डब्याची पिशवी माझ्याकडून मागून घेतली आणि लिफ्टमध्ये सगळ्यांना दिसेल अशी धरली.

पुढे प्रत्येक पुस्तकाला डबा आला. डुलक्या बंद झाल्या. आणि मग तक्रार आली.

तक्रार केली ती आमच्याच मजल्यावरच्या शेजारणीने. तिचा मुलगा माझ्या वर्गात होता. माझ्याकडे येऊन बोलली असती तर एक वेळ ठीक, आम्ही एकमेकींकडे कढीपत्ता मागायला जात होतो. पण ती परस्पर प्रिन्सिपॉलबाईंकडे गेली. एवढी फी भरून मुलं शाळेत डबे वाजवतात, इंग्लिश कधी सुधारणार, असं म्हणाली. प्रिन्सिपॉलबाईंनी मला बोलावून ही सर्कस थांबवा म्हणून सांगितलं. मी थांबवली नाही, डब्यात रुमाल घालू लागले.

त्याच सुमारास मी त्या प्रकाशनाला पत्र लिहिलं. तुमचं पुस्तक इथे कसं वाचलं, डबा कुठून आला, भोंडला म्हणजे काय, सगळं दोन पानं भरून. त्यांच्या संपादक बाईंचं हाताने लिहिलेलं उत्तर आलं. माझं पत्र त्यांच्या ऑफिसात सगळ्यांनी वाचलं, जेवणाच्या सुट्टीत बिस्किटांचा डबा वाजवून बघितला, आणि हे पुढच्या नोट्समध्ये तुमच्या नावाने छापू का, असं विचारलं होतं. त्या दिवशी मी स्टाफरूममध्ये ते पत्र तीनदा वाचलं आणि तिकीट कुणालाही दिलं नाही.

पत्र शाळेच्या पत्त्यावर आलं होतं, म्हणून रीतसर परवानगी घ्यायला मी प्रिन्सिपॉलबाईंकडे नेलं. त्यांनी ते ठेवून घेतलं. आठवड्याने विचारलं तर म्हणाल्या, मी उत्तर पाठवलं, छापायचं तर शाळेच्या वतीने छापा, कुणा एका टीचरचं नाव देण्याची आपली पॉलिसी नाही. अशी काही पॉलिसी असल्याचं मी तोवर ऐकलं नव्हतं. ती त्या आठवड्यातच जन्मली असणार.

उन्हाळ्याची सुट्टी संपवून सप्टेंबरात परतलो तेव्हा शाळेत एक नवीन मिस आल्या होत्या. गोऱ्या, उंच, हसऱ्या, ऑस्ट्रेलियाच्याच. नवरा कुठल्याशा प्रोजेक्टवर इंजिनिअर. त्यांनी आधी कधी वर्गावर शिकवलेलं नव्हतं, हे त्यांनी स्वतःच मला पहिल्या दिवशी मोकळेपणाने सांगितलं. मला त्यांचा राग करायचा होता, पण त्यांनी तशी सोयच ठेवली नव्हती. त्यांना वाचनाचा तास दिला. तिसरीचा, माझ्या वर्गाचा. मला त्या तासाला हस्ताक्षराच्या वह्या तपासायला बसवलं.

पंधरा दिवसांत ऑस्ट्रेलियाचं पाकीट आलं. या वेळी त्यावर माझं नाव नव्हतं, प्रिन्सिपॉलबाईंचं होतं. आत गुळगुळीत कागदावर छापलेल्या नव्या नोट्स, वर मोठ्या अक्षरांत 'द मिस्टरी टिन'. अर्धी गोष्ट वाचा, पुस्तक मिटा, डबा वाजवा. फक्त हो किंवा नाही म्हणा. आवाज लपवायचा असेल तर आत रुमाल घाला. रुमालसुद्धा होता. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं, आखाती प्रदेशातल्या एका शाळेच्या सौजन्याने. त्या माणसांची काही चूक नव्हती. त्यांना जसं कळवलं तसं त्यांनी छापलं.

प्रिन्सिपॉलबाईंनी त्या नोट्सच्या झेरॉक्स काढून सगळ्या टीचर्सना वाटल्या, मलाही एक दिली. आणि पालकांसाठी डेमॉन्स्ट्रेशन ठेवलं. नव्या मिस बटर कुकीजचा निळा गोल डबा घेऊन उभ्या राहिल्या. चांगलं केलं त्यांनी. पालकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझी शेजारीण सगळ्यात पुढे बसून वाजवत होती. माझी मुलगी वर्गातल्या मुलांबरोबर सतरंजीवर बसली होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी बोलेन असं तिला वाटलं असावं. मी तिथे बोलले नाही, नंतर केबिनमध्ये जाऊन बोलले. हे माझं आहे, तुम्हीच ज्याला सर्कस म्हणालात ते.

प्रिन्सिपॉलबाई चिडल्या नाहीत. चहा मागवला माझ्यासाठी. म्हणाल्या, "आयडिया आपकी है, मैं कब ना बोली? लेकिन आप बोलेंगी तो पेरेंट्स कम्प्लेंट करते हैं, और वो बोलती है तो क्लॅप करते हैं. अब बताइए, मैं स्कूल किसके लिए चलाऊँ?"

मी चहा न पिता उठले. पण त्या बाईवर मला जेवढा राग यायला हवा होता तेवढा आला नाही, कारण ती खोटं बोलत नव्हती. टाळ्या वाजवणारे हात मी मोजले नव्हते, तरी ते कुणाचे होते ते मी पाहिलं होतं. आपलेच होते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे ना, तुला काय कमी आहे. मी त्या रात्री त्याला शिळी पोळी वाढली आणि त्याच्या लक्षातही आलं नाही.

ऑक्टोबरात नवरात्र आलं. त्या वर्षीचा भोंडला आमच्याकडे होता. वॉचमनला आवाजाबद्दल आधीच सांगून ठेवलं, सोफे भिंतीला सरकवले, पाटावर हत्ती काढला. दहा-बारा बायका, त्यांच्या मुली आणि मुलीच हव्यात हे न पटलेले दोन-तीन मुलगे. फेर झाला, गाणी झाली. मी आतून खिरापतीचा डबा आणला, तोच कडीचा. मध्ये उभी राहून वाजवला.

शेजारणीचा मुलगा जागच्या जागी नाचायला लागला. "मिस्टरी टिन! आंटी, यू कॉपीड अवर मिस!"

मुलं खिदळली. बायकाही हसल्या, आणि शेजारीण कौतुकाने माझ्याकडे वळली. "अगं, किती छान केलंस. मी तेच म्हणत होते, आपल्या भोंडल्यात पण असं काहीतरी मॉडर्न आणायला पाहिजे. त्या लोकांची टीचिंगची मेथडच वेगळी ना."

हिने स्वतः लहानपणी सांगलीला सोळा-सोळा दिवस खिरापती ओळखल्या होत्या. मागच्याच वर्षी याच डब्यातली माझी खिरापत तिला ओळखता आली नव्हती. आणि एप्रिलपासून तिचा मुलगा माझ्या वर्गात याच डब्याचे अंदाज करत होता, त्याचीच तर तिने तक्रार केली होती; दोघंही ते विसरून गेले होते. मी उत्तर शोधत होते, चांगलं सणसणीत, आणि ते मला सापडलंही होतं. पण माझ्याआधी माझी मुलगी बोलली. माझ्या शेजारीच परकर नेसून उभी होती. तिला सगळं माहीत होतं. बटण तिच्याच जुन्या कोटाचं होतं.

"येस आंटी," ती म्हणाली. "आई लर्न्ट इट फ्रॉम मिस."

तिचा आवाज अगदी स्वच्छ होता, शाळेत उत्तर देताना असतो तसा. खोटं बोलल्याची खूणसुद्धा नव्हती चेहऱ्यावर. उलट मला सांभाळून घेतल्यासारखं तिने हळूच माझा पदर धरला.

"मग ओळखू का? गोड की तिखट?" कुणीतरी विचारलं.

मी कडी काढली आणि झाकण उघडून डबा सगळ्यांसमोर धरला. कुणी ओळखायच्या आधीच. खोबऱ्याच्या वड्या होत्या. वाट्या पुढे आल्या आणि मुलीने त्या भरायला घेतल्या.