कशेडीचा गुडघा

पँटचा डावा पाय गुडघ्यापर्यंत वर ओढायचा, गुडघा उजेडाकडे धरायचा आणि समोरच्याला विचारायचं, "दिसली का खूण?" समोरच्याला काही दिसायचं नाही, कारण तिथे काही नव्हतंच. मग ते चष्मा कपाळावर सारून समाधानाने म्हणायचे, "विश्वासाच्या नजरेने बघा. कशेडीची आहे."

असा एक गृहस्थ तुमच्याही गल्लीत असणार. आयुष्यात एकदाच काहीतरी घडलेलं असतं आणि त्याच्यावर उभा जन्म काढायचा असतो. आमच्या महाडच्या मंडळीत, म्हणजे आम्हा मूठभर ख्रिस्ती लोकांत, हा मान त्यांच्याकडे होता. बाजारपेठेत त्यांचं चष्म्याचं दुकान. नंबर काढायची ती जड चौकट एकदा नाकावर चढवली की गिऱ्हाईक पळणार कुठे? भिंतीवरची अक्षरं वाचता वाचता बिचाऱ्याला सगळी कशेडी ऐकावी लागायची. लोक पाठीमागे त्यांना 'कशेडीवाले' म्हणत. मी तोंडावर काका म्हणायची आणि मनात जे म्हणायची ते इथे लिहिण्यासारखं नाही.

कथा त्यांच्या तोंडून अशी असे. भर पाऊस, कशेडीचा घाट, गाडी दरीच्या कडेला लटकलेली, पुढची चाकं हवेत, बायामाणसांचा आकांत. खाली मरण, वर प्रभू. त्या क्षणी देवाने त्यांना निवडलं. "संकट म्हणजे काय बाई, देवाची निवड असते. ज्याच्यावर संकट नाही तो मागच्या बाकावर बसलेला समजा."

मी शाळेत शिकवते. मागच्या बाकावरची मुलं मला जास्त आवडतात. पण ते जाऊ दे. खरी गंमत अशी की त्या गाडीत मीही होते. खेडला मेळाव्याला निघालो होतो. कशेडीत एक बैल आडवा आला, ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि गाडी घसरून गटारात गेली. डोंगराच्या बाजूच्या गटारात. दरी रस्त्याच्या पार पलीकडे, आपल्या जागी होती. आम्ही मागच्या दाराने एकेक करून खाली उतरलो आणि कुणीतरी डब्यातले घावणे काढले. काकांचा गुडघा माझ्या पेटीच्या कोपऱ्यावर आपटून थोडा खरचटला होता. पेटी म्हणजे माझी वाजवायची पेटी. तिचा मात्र एक सूर त्या दिवसापासून कायमचा बसला. त्याची साक्ष कुणी दिली नाही.

हे मी सगळ्यांना सांगून पाहिलं. आमचे पाळकसाहेब हसून म्हणाले, "राहू द्या बाई. चार लोकांना आधार मिळतो." आधार कसला! लोक घड्याळं बघायचे.

रविवारच्या उपासनेत आमच्याकडे साक्षीची वेळ असते. आठवड्याभरात देवाने ज्याला काही दाखवलं असेल त्याने उठून चार शब्द सांगायचे. काका उठले की चार शब्दांवर भागत नसे. दरी दरवर्षी थोडी खोल होत गेली. मग पाळकसाहेब माझ्याकडे बघून डोळे मिटत. ही आमची खूण होती. मी भाता ओढून सूर धरायची, मंडळी घाईघाईने गीताला उभी राहायची आणि काका अर्ध्या दरीत लटकलेले तसेच खाली बसायचे. त्यांची साक्ष बंद पाडणं हे मंडळीतलं माझं मुख्य सेवाकार्य होतं आणि ते मी मन लावून करत असे.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, बायकांच्या बाजूला पहिल्या ओळीत बसायच्या. नवरा 'दरी' म्हणाला की पदराच्या काठावरचा दोरा शोधायला लागायच्या. मी पेटीमागून बघायची. एकदा आमची नजरानजर झाली आणि काकूंना हसू आवरेना. त्यांनी ते खोकल्यात घातलं. त्या दिवसापासून ती बाई मला आवडली. पोलादपूरकडच्या एका वाडीत वाढलेली, ठेंगणी, कामाला वाघ. दुकानात काचा घासायच्या त्याच, फ्रेमी दुरुस्त करायच्या त्याच. काका नंबर काढायचे आणि बोलायचे.

आता हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण काकांना एक वाईट खोड होती. कुणाच्या घरी काही वाईट घडलं की हे पहिल्यांदा हजर. कुणाचं पोर गेलं, कुणाला अर्धांगाचा झटका आला, की यांनी दारात उभं राहून हात जोडायचे आणि चेहरा उजळून म्हणायचं, "निवड झाली तुमची!" पास झालेल्या मुलाच्या घरी पेढे खायला आल्यासारखं. मग पँटचा पाय वर. ज्या बाईचा नवरा अजून घरात झाकून ठेवलेला आहे तिला हा माणूस आपला गुडघा दाखवत असे. मला त्यांची किळस यायची. दुसरा शब्द मी शोधून पाहिला, सापडला नाही.

मग तो मोठा पूर आला. महाडात पाणी नवीन नाही, पण त्या वेळी बाजारपेठेतली दुकानं छपरापर्यंत बुडाली. पाणी उतरल्यावर मागे राहिला चिखल. आणि त्याच पावसात तळीये गावावर डोंगर कोसळला. इकडे गावातला प्रत्येक माणूस हातात फावडं घेऊन उभा, आणि काका धुतलेला सदरा घालून निघाले. तळीयेला. मी तेव्हा त्यांच्या दुकानासमोर शाळेची कपाटं धूत होते, म्हणून हे कानांनी ऐकलं.

काकू गुडघाभर चिखलातून दारापर्यंत आल्या. "कुठं निघालात?"

"लोकांना शब्दाची गरज आहे आत्ता."

"त्यास्नी शब्द नको हाय. माणसं गेलीत त्यांची. तिथं जाऊन निवड-बिवड बोललात तर मी तुमच्या घरात ऱ्हायाची नाय, सांगून ठेवते."

काका तळीयेला गेले नाहीत. त्याऐवजी महाडातच घरोघर फिरले. घरोघर निवड झाली. दुकान काकूंनी एकटीने उपसलं. अनवाणी. टाचांना भेगा होत्या, त्या सगळ्यांच्याच असतात. चिखलात काय काय मेलेलं होतं ते सांगत नाही. मी एकदा म्हटलं, "काकू, पायात काहीतरी घाला." त्या म्हणाल्या, "चपला चिखलात राहत नाय गो. होईल आता."

ताप आला तेव्हा काका म्हणाले, "परीक्षा आहे, उतरेल." अंगदुखीची गोळी दिली आणि प्रार्थना केली. डोळे पिवळे झाले तेव्हा धावपळ सुरू झाली. डॉक्टरांनी लेप्टो म्हणून सांगितलं, चिखलातून पायाच्या भेगांवाटे शिरतो तो ताप, आणि उशीर झाला असंही सांगितलं. काकू गेल्या.

कबरस्तानात मी मुद्दाम काकांच्या समोर उभी राहिले. मी वाट बघत होते. म्हणा आता, काढा गुडघा बाहेर, निवड झाली म्हणा. माझ्या मनात दयेचा टिपूससुद्धा नव्हता आणि आजही मला त्याचं काही वाटत नाही. मूठभर माती टाकायची असते, ती त्यांच्या हातातून सुटेना. पाळकसाहेबांनी बोटं उघडून दिली.

पुढे कित्येक रविवार ते येत, मागच्या बाकावर बसत. साक्षीच्या वेळी सगळ्यांच्या माना आपोआप तिकडे वळत. ते जमिनीकडे बघत. माझ्या पेटीला काम उरलं नाही.

पुढचा पाऊस लागला आणि कशेडीवाल्यांनी नवीनच सोंग काढलं. मला तेव्हा सोंगच वाटलं. रबरी बुटांचं गाठोडं पाठीला मारून ते एसटीने पोलादपूरला जायचे आणि काकूंच्या वाडीत, लावणी चालली असेल तिथे बांधावर जाऊन उभे राहायचे. सलाम नाही, नमस्कार नाही. "पायात काय घातलंय?"

एकदा मी बरोबर गेले होते. खरं सांगायचं तर फजिती बघायला गेले होते. खाचरात वाकलेल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं आणि एक म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आवो चष्मेवालं, बूट घालून लावणी करत्यात काय? पाय रुतला का बूट खाली नि माणूस वर! तुमची बायको हितलीच ना, तिनं येवढं शिकवलं नाय?"

बाया खिदळल्या. मलाही हसू आलं. काका मात्र बांधावर बसले, स्वतःच एक बूट घातला आणि खाचरात उतरले. पाय बाहेर आला, बूट राहिला. म्हातारीने तो हाताने उपसून काढला आणि चिखलासकट त्यांच्या हातात दिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना दुसऱ्याचं म्हणणं मान्य करताना पाहिलं.

"मग ताप आला तर मला सांगा," ते म्हणाले. "त्याच दिवशी. दुसऱ्या दिवशी नाय."

बूट त्यांनी पुरानंतर दुकानं उपसणाऱ्यांसाठी ठेवले. वाडीत मात्र जात राहिले. घरोघर कपाळाला हात लावून बघायचे, कुणाचं अंग तापलेलं दिसलं की रिक्षात घालून पोलादपूरच्या दवाखान्यात. 'उतरेल' म्हणणाऱ्यांशी भांडायचे. प्रभूचं नाव काढायचे नाहीत. एका माणसाने विचारलं, "तुमच्या धर्मात घ्यायला आलाव काय?" काका म्हणाले, "दवाखान्यात घ्यायला आलोय. चला." दुकान बहुतेक वेळ बंद. त्यांच्याकडे टाकलेला माझा चष्मा महिनाभर मिळाला नाही, त्याबद्दल मी त्यांना पुष्कळ बोलले.

आणि हे असं चाललेलं असताना हंगामाच्या सणाला मुंबईहून एक पाहुणे वक्ते आले. गुळगुळीत दाढी, गुळगुळीत आवाज. कुणीतरी त्यांच्या कानावर सगळं घातलेलं होतं. भोपळे, काकड्या, भाताच्या लोंब्या वेदीपुढे मांडलेल्या, हॉल भरलेला, आणि हे गृहस्थ म्हणाले, "पाहा, प्रभूने आपल्या या बंधूची पत्नी नेली आणि त्या दुःखातून त्यांना केवढी सेवा दिली! किती सुंदर योजना! बंधू, या, साक्ष द्या."

काका पुढे आले. डावा हात सवयीने पँटकडे गेला आणि अर्ध्यावर थांबला.

"कशेडीत आमची गाडी गटारात गेली होती," ते म्हणाले. "डोंगराकडच्या. गुडघा पेटीवर आपटला. बाई होत्या गाडीत, त्यांना विचारा."

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"हिचं म्हणाल तर, मला शहाणं करायला देवाने हिला नेलं असं माझ्यासमोर कुणी बोलू नका. तेवढ्यासाठी तो कुणाला मारत नाही. मारत असेल तर मला तो नको. मी हिला चिखलात एकटी टाकून गावभर फिरलो. ताप आला तर परीक्षा म्हणालो. ती देवाची योजना नव्हती, माझी होती." त्यांनी चष्मा कपाळावर सारला. "तरी मी वाडीत जातो तेव्हा तो बरोबर असतो. चिखलात असतो. का, ते मला कळत नाही. कळलं तर सांगेन."

पाहुण्यांचा चेहरा उतरला होता. पाळकसाहेबांनी माझ्याकडे बघून डोळे मिटले. एकदा मिटले, दोनदा मिटले. मी दोन्ही हात मांडीवर ठेवून बसले. इतकी वर्षं मी त्या माणसाला गप्प बसवलं होतं आणि आज पहिल्यांदा त्याचं ऐकायचं होतं. ते आपणहून मागच्या बाकावर जाऊन बसेपर्यंत पेटी वाजली नाही.

त्यानंतर त्यांनी साक्ष दिली नाही. त्यांना कळलं असेल किंवा नसेल. यंदा वाडीतून परतताना एसटी स्टँडवरच ते कोसळले. हृदय, असं म्हणाले. तापाचा कुणी पेशंट त्या वेळी बरोबर नव्हता, नाहीतर त्याला आधी पोचवून मगच पडले असते.

दफनाच्या उपासनेला तेच मुंबईचे पाहुणे पुन्हा आले. अशी माणसं बरोबर येतात. शवपेटी उघडी होती, काका तिच्यात स्वच्छ सदऱ्यात झोपलेले. हॉलच्या मागच्या बाजूला वाडीतल्या बाया टेम्पो करून आलेल्या, दाटीवाटीने बसल्या होत्या. पुढे ती म्हातारी. पाहुण्यांनी घसा साफ केला. "दुःख हे देवाची निवड असते," ते म्हणाले, "आणि आपल्या या बंधूला कशेडीच्या त्या खोल दरीत..."

पाळकसाहेब खाली बघत होते. कुणी डोळे मिटले नाहीत, कुणी खूण केली नाही. मी भाता ओढला आणि सूर धरला, मोडक्या सुरासकट, जितका मोठा निघेल तितका.

पाहुणे तोंड उघडं ठेवून माझ्याकडे बघत राहिले. सगळ्यांत आधी त्या वाडीतल्या बाया उठल्या. त्यांना गीत येत नव्हतं. त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.