फौजदारबाईंनी केलेली जागा

राग फौजदारबाईंच्या नाकावर कायमचाच मुक्कामाला होता. वाकड्या पावलांसाठी बूट बनवणाऱ्या त्या कारखान्यात त्या कॉम्प्युटर सांभाळत, आणि सगळे त्यांना फौजदार म्हणत, अर्थात पाठीमागे. लिनक्सचा एक सर्व्हर, त्याची एकच डिस्क, आणि ती भरत आली की बाईंचा पारा चढलाच म्हणून समजा.

"काय साठवून ठेवता हो एवढं? डिस्क म्हणजे काय माळा वाटला?" असं म्हणत त्या टेबलाटेबलांवरून फिरत. जाहिरातवाल्याचे फोटो उडाले, हिशेबनिसाची जुनी बिलं उडाली. कुणी हूं की चूं केलं नाही. शेवटी मोर्चा वळला साचेवाल्या काकांकडे. काका प्रत्येक पावलाचा साचा आधी पडद्यावर घडवत आणि मग मशीनवर कोरून घेत. जुने साचे त्यांनी जिवापाड जपले होते.

"ज्यांचे बूट देऊन झाले, त्यांचे साचे पुसा," बाईंनी फर्मावलं.

"बूट झिजतात, बाई. माणसं परत येतात."

"येतील तेव्हा घ्या माप! सर्व्हर बसला तर बोलणी मला खावी लागतात, तुम्हाला नाही."

काकांनी मुकाट्याने साचे पुसले. डिस्कची रोज जी नक्कल व्हायची, ती मूळ बघूनच व्हायची; इथे पुसलं की तिथेही पुसलं जाई. त्यामुळे तिथूनही ते गेले.

महिना उलटायच्या आत डिस्क पुन्हा गच्च! बाई तरातरा काकांकडे गेल्या, तर तिथे पुसण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग ओरडणार कुणावर? नाइलाजाने त्यांनी कुठला फोल्डर किती जागा खातोय ते वरपासून तपासलं. हे खरं तर सगळ्यात आधी करायचं काम. पण घाण लोकच करतात हे एकदा ठरलं की तपासतंय कोण!

अर्ध्याहून जास्त डिस्क सर्व्हरवर प्रोग्राम बसवणाऱ्या सॉफ्टवेअरने, म्हणजे पॅकेज मॅनेजरने, अडवली होती. प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की तो ती उतरवतो, बसवतो आणि उतरवलेली फाइल तशीच ठेवून देतो. या फायली अधूनमधून साफ करायची सोय असते. मागे एका अपडेटने कोरायचं मशीन अडलं आणि जुनी आवृत्ती काही केल्या मिळेना, तेव्हा चिडून ती सफाई बाईंनीच बंद करून टाकली होती. तेव्हापासूनची झाडून सगळी पॅकेजेस तिथे पडून होती. प्रत्येकाच्या शेवटच्या दोन आवृत्त्या ठेवून बाकीच्या काढायला एका ओळीची आज्ञा पुरली. डिस्क मोकळी झाली, आणि बाईंना स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

त्याच आठवड्यात घरोघर टपाल वाटणारी एक ताई आली. चालण्यावरच तिचं पोट.

"काका, हे बूट फाटले. अगदी अस्सेच हवेत. साचा जमेपर्यंत किती फोड सोसले होते मी!"

काकांनी मोजपट्टी उचलली. बाईच पुढे झाल्या. "तुमचा साचा राहिला नाही. मी पुसायला लावला. चूक माझी आहे, त्यांची नाही."

"म्हणजे परत फोड?" ताईचा आवाज चढला. "आणि तोवर टपाल काय तुम्ही वाटणार?"

बाई काकांकडे वळल्या. "काका, आता भरपूर जागा केलीय. यापुढे एकही साचा पुसायचा नाही."

काकांचा चढलेला आवाज आजवर कुणी ऐकला नव्हता. त्यांनी हातातली मोजपट्टी टेबलावर आपटली.

"झाली ना जागा? मग ठेवा तुम्हीच काय ठेवायचं ते! माझ्याकडे ठेवायला आता काही नाही."