हाक आल्याशिवाय

भोंग्याला भोंगा हे नाव प्रवाशांनीच ठेवलं. स्टेशन म्हणजे काय, तर माळावरचा एक आखूड फलाट, मास्तरांची खोली आणि प्रवाशांपेक्षा जास्त कुत्री. लाउडस्पीकर बसवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण हा होता. गाडी जेमतेम टेकायची, तेवढ्यात हा झेंडा बगलेत मारून डब्याडब्यापाशी स्टेशनचं नाव पुकारत जायचा, शेवटचं अक्षर असं लांबवून की गाढ झोपलेला माणूसही पिशवी शोधायला लागे. या ओरडण्याचा पगाराशी काही संबंध नव्हता. पण गडी त्यावर खूश होता, आणि खरं सांगायचं तर मिरवण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंही.

त्याची आई आंधळी. त्याचं लग्न काही जमलं नाही, तेव्हा घरात दोघंच. आई अधूनमधून लेकीकडे एकटी जायची आणि एकटीच परत यायची. एकदा कुण्या भल्या माणसाने, आलं तुमचं स्टेशन, म्हणून तिला भलत्याच ठिकाणी उतरवून दिलं. दिवसभर उन्हात बसून राहिली बिचारी. तेव्हापासून भोंग्याने तिला बजावून ठेवलं होतं, माझी हाक कानावर आल्याशिवाय जागचं हलायचं नाही, मग कुणी कितीही गोड बोलो. आईने ते पक्कं मनात धरलं.

या खेपेला ती लेकीच्या बाळंतपणाला गेली आणि इकडे भोंग्याच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठीबरोबर आवाजही काढून घेतला. गळ्याला भोक, भोकावर फडकं. मास्तरांनी झेंडा काढून घेतला आणि हातात झाडू दिला. माणूस वाईट नव्हता, पण नियमापुढे त्याचंही काही चालेना. आईला यातलं काही सांगू नकोस, असं भोंग्याने बहिणीला मोबाइलवर लिहून कळवलं. आई घरी आली की तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा, मग कळेलच तिला. आधीच सांगून टाकलं असतं तर, असं आपण म्हणू शकतो. पण आईला रडवायचं काम कुणीही पुढेच ढकलतो.

आई येणार त्या दुपारी उलट दिशेच्या गाडीतून एक प्रवासी उतरला. लहानपणी या मार्गाने जाताना ऐकलेली हाक पुन्हा एकदा ऐकायला म्हणून वाट वाकडी करून आलेला. तो माणूस कुठे भेटेल, असं त्याने झाडू मारणाऱ्या भोंग्यालाच विचारलं. भोंग्याने आधी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं, मग गळ्यावरच्या फडक्यावर. प्रवाशाचा चेहरा पडला. मग भोंग्याने मोबाइलवर लिहून दाखवलं की गाडीत आंधळी आई आहे, तेवढी हाक तुम्ही मारा. प्रवासी लगेच तयार झाला.

गाडी आली. प्रवाशाने अगदी पोटातून हाक दिली, शेवटचं अक्षर लांबवून दिली. बहिणीने आईला पुढच्या डब्यात बसवते म्हणून कळवलं होतं. भोंगा त्या डब्यात चढला, पण आई तिथे नव्हती. गर्दीत तिला मागे कुठेतरी बसवलेलं. तो खाली उतरून धावत सुटला. गळ्यातल्या भोकातून श्वास घेत माणूस किती धावणार? शेवटचा डबा फलाटाच्या बाहेर होता, आणि खिडकीशी आई. मांडीवर बोचकं, मान किंचित वाकडी, सगळा जीव कानात आणलेला. शेजारचा माणूस तिला उतरा उतरा म्हणत होता आणि ती ढिम्म.

गाडी हलली. भोंग्याने गजातून हात घालून तिचा हात धरला आणि आपल्या गळ्याकडे ओढला.

"हात सोड मेल्या," आई कडाडली. "माझा मुलगा हाक मारील, तेव्हाच मी उतरेन."

तिने हात हिसकून घेतला. गाडी निघून गेली.

प्रवाशाने सगळं मास्तरांना सांगितलं. मास्तरांनी पुढच्या स्टेशनला फोन लावला. तिथे समोरून येणाऱ्या गाडीसाठी ही गाडी बराच वेळ थांबते, तेव्हा उतरवून घेतील, घाबरू नकोस, असा त्यांनी भोंग्याला धीर दिला. भोंगा मास्तरांच्या खोलीतल्या बाकावर बसला होता. जरा वेळाने फोन वाजला. मास्तरांनी ऐकून घेतलं, मग रिसीव्हरवर हात ठेवून ते भोंग्याकडे वळले.

"म्हातारी उतरायला तयार नाही. मुलाची हाक ऐकव म्हणते. तिकडच्याने मोबाइल तिच्या कानाला लावलाय. मी समजावतो तिला."

भोंग्याने रिसीव्हर त्यांच्या हातातून ओढून घेतला. पलीकडे आईचा श्वास ऐकू येत होता. त्याने तोंड उघडलं आणि होती नव्हती तेवढी ताकद लावून स्टेशनचं नाव पुकारलं. गळ्यावरचं फडकं तेवढं हललं.

पलीकडे मोबाइल कानावर घासल्याचा आवाज आला.

"नाही हो," ती तिकडे कुणाला तरी म्हणाली, "यात कुणीच नाही."