नळीतला रंग

दर रविवारी सकाळी हे माशांच्या टाकीतलं पाणी काचेच्या छोट्या नळीत घेतात, त्यात औषधाचे तीन थेंब टाकतात आणि नळी हलवून माझ्यासमोर धरतात. "बघ गं, कोणता रंग?" पिवळा आला तर पाणी आम्लाकडे झुकलेलं, निळा आला तर क्षाराकडे. हिरवा बरा. ह्यांना हिरव्या-निळ्यातला फरक कळत नाही, असं हेच सांगतात. मी "हिरवा" म्हणते आणि पुन्हा भाजी निवडायला लागते.

टाकी मुलीची. ती नोकरीसाठी परगावी गेली. ह्यांचं-माझं भांडण असं कधी झालं नाही. बोलणं नुसतं आटत गेलं, आणि पुढे त्याचं वाईटही वाटेनासं झालं. आठवड्याला हा एक प्रश्न तेवढा उरला.

परवा ह्यांच्या गाडीच्या लायसन्सच्या कामासाठी डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी रंगीत ठिपक्यांत लपलेले आकडे ह्यांना वाचायला दिले. हिरव्यातले निळे, निळ्यातले हिरवे, सगळे ह्यांनी धडाधड वाचले. मी शेजारीच बसले होते.

टाकी आणली तेव्हा दुकानदार म्हणाला होता, "पाणी थोडं बिघडलेलं असलं तरी मासे निभावतात. एकदम बदललंत तर मरतात. तांब्या-तांब्यानं बदला."

आज रविवार. नळी पुढे आली. "कोणता रंग?"

"हिरवा," मी म्हटलं. मग हातातली भाजी खाली ठेवली. "जरा निळसरही वाटतोय. चला, खिडकीपाशी उजेडात बघू."