समाधान झाल्याची सही

नगरपरिषदेच्या तक्रार टेबलावर बसलेल्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते आपणहून येतात, अर्जाच्या आकारात, खाली सही करून. मी त्या टेबलावर एकतीस वर्षं काढली. रहिवासी भागात गिरणी नको, गोठा नको, वेल्डिंग नको, डीजे नको. अख्ख्या गावाला जे जे नको, ते सगळं माझ्याकडे! आता रिटायर झालोय. घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला धरून बसवलंय. चहा घ्या, गार होतोय.

*

नोकरीच्या सुरुवातीलाच एकदा स्थळपाहणीला गेलो आणि पेन विसरलो. दोन पंच जमले होते, पण पंचनामा लिहायचा कशानं? ऑफिसात जाऊन पेन घेऊन आलो, तोवर एक पंच शेतावर गेला आणि दुसरा सासुरवाडीला. साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, "शिंदे, उद्या डोकं आणणार आहात ना?"

हे घरी सांगितलं, तर बायको पोट धरून हसली. दुसऱ्या दिवसापासून सुमन माझ्या खिशाला रोज दोन पेनं लावायला लागली. एक लिहायला, एक पहिलं बंद पडलं तर. "दोन पेनवाले शिंदे" हे नाव गावभर झालं. सुमन जाऊन सात वर्षं झाली. पेनं आता मी लावतो.

*

एका गृहस्थांचा अर्ज आला. शेजारच्या गिरणीचं पीठ उडतं, खोकला थांबत नाही, गिरणी तात्काळ बंद करा. आम्ही गेलो तर गृहस्थ दारात खोकतच उभे. मी टेप लावून अंतर मोजत गिरणीपर्यंत पोचलो, गृहस्थ मागोमाग. तिथं रांगेत गव्हाचा डबा घेऊन त्यांच्याच सौभाग्यवती.

गिरणीवाला बिचारा घाबरला. "साहेब, आत्ता बंद करू का?"

"करा की," वहिनीच म्हणाल्या, "पण माझं दळण झाल्यावर."

गृहस्थांचा खोकला तिथल्या तिथं थांबला. पंचनाम्यात मी तसं लिहिलं नाही, एवढंच.

*

निवृत्तीआबांचा गोठा गावाबाहेर होता. मग विकास आराखड्यात तो भाग रहिवासी ठरला, नकाशावर पिवळा रंग आला आणि आबांच्या चारी बाजूंना बंगले उठले. बंगलेवाल्यांना शेणाचा वास येऊ लागला. मी आबांना ऑफिसात बोलावून नकाशा दाखवला.

आबांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "ह्यात माझ्या म्हशी कुठं हायती?"

"नकाशात म्हशी नसतात, आबा."

"मंग रंग देनाऱ्यानं हितं येऊन बघितलं न्हाई व्हय?"

मी हा जबाब शब्दशः लिहून वर पाठवला. वरून उत्तर आलं नाही, नुसता गोठा काढायचा आदेश आला. आबांनी म्हशी विकल्या. महिन्याभरानं पुन्हा टेबलासमोर येऊन बसले. मी म्हटलं, "आता काय काम काढलं, आबा?"

"काम काय न्हाई. म्हशी हुत्या तवर रोज कुनीतरी भांडायला यायचं. आता कुनीच येत न्हाई. लई सुनं सुनं वाटतं."

त्या दिवशी मी टेबलावरचे अर्ज तसेच ठेवले आणि आबांबरोबर टपरीवर बसलो.

*

दोन सख्खे भाऊ, घरांना मधली भिंत एकच, आणि नऊ वर्षं बोलणं बंद. थोरला धाकट्याच्या कूलरविरुद्ध अर्ज करायचा, धाकटा थोरल्याच्या पंपाविरुद्ध. आम्ही नोटीस नेऊन द्यायची आणि खुलासा घेऊन यायचा. आम्ही म्हणजे त्यांचे पोस्टमनच झालो होतो.

एकदा थोरल्याचा अर्ज आला. विषय: कूलरचा आवाज. वर चार ओळी कूलरच्या, आणि खाली, "तसेच शेजाऱ्यांस कळविण्यात यावे की आईचे वर्षश्राद्ध मंगळवारी आहे."

साहेब म्हणाले, "हे आपल्या अधिकारात बसतं का, शिंदे?" मी नोटिशीत टाकलं. धाकट्यानं पोचेवर लिहून दिलं, "मिळाले. येतो."

*

आता साळवेबाई. मूळच्या नेवाशाच्या, मिशनच्या शाळेतून रिटायर झालेल्या, मुलगा परदेशात, घरात एकट्या. घराला लागून बाबू वेल्डरचं दुकान. बाईंची तक्रार अगदी रास्त होती, दिवसभर ग्राइंडरनं डोकं उठायचं. आम्ही नोटीस काढली, बाबूनं दोन महिन्यांत दुकान जामखेड रोडला हलवलं. विषय संपला.

पण फाईल बंद करायची तर "तक्रारदाराचे समाधान झाले आहे" ह्या ओळीखाली तक्रारदाराची सही लागते. मी गुरुवारी फॉर्म घेऊन गेलो. बाई म्हणाल्या, "अजून थोडा आवाज येतो." शेजारी दुकानाला कुलूप. मी कान देऊन ऐकलं आणि म्हटलं, "पुन्हा पाहणी करू." पुढच्या गुरुवारी गेलो, तर चहाबरोबर पोहे होते. नाताळच्या सुमारास करंज्या. बाई मला जुन्या विद्यार्थ्यांचं सांगायच्या, मी सुमनचं सांगायचो. पाच वाजले की मी शेरा लिहायचो, "तक्रार कायम. पुन्हा पाहणी आवश्यक." असे शेरे फाईलमध्ये दीड वर्षाचे आहेत.

मग माझी रिटायरमेंट आली. नवीन साहेब म्हणाले, "जाण्याआधी जुनं सगळं निकाली काढा. यापुढे तक्रारी मोबाईलवर, पाहणी फोटोवर. कुणाच्या घरी जायचं काम नाही." सगळं निकाली निघालं. एक फाईल राहिली.

शेवटच्या गुरुवारी फॉर्म घेऊन गेलो. खरं सांगतो, माझ्या रिकाम्या घरी परत जायचीच भीती वाटत होती. बाईंना सगळं कुठून तरी कळलेलं होतं. त्यांनी चष्मा पुसून डोळ्याला लावला आणि फॉर्म स्वतःच पुढे ओढला.

"शिंदे, माझ्यामुळं तुमचं काम अडायला नको. आता आवाज येत नाही. कुठं करू सही?"

मी बोटानं जागा दाखवली. बाईंनी पेनासाठी हात पुढे केला.

"पेन विसरलो, बाई," मी म्हणालो. "पुढच्या गुरुवारी घेऊन येतो."

बाईंनी माझ्या खिशाकडे बघितलं. दोन्ही पेनं जागेवर होती.

"बरं," त्या म्हणाल्या, आणि चहा टाकायला आत गेल्या.