रिटर्न भरणारा बेकार

आमच्या उचगावात मुलगा काय करतो हे आता कुणी विचारत नाही. रिटर्न भरतो का, एवढंच विचारतात. पोरींचे बाप शहाणे झालेत. शेती आहे म्हटलं की चहा अर्धा कप येतो. इन्कम टॅक्सचा कागद दाखवला की पोह्यांवर खोबरं पडतं.

माझ्याकडं पदवी होती आणि सरकारचा बेकार भत्ता होता. बेळगावातल्या एका अभ्यासिकेत बसून मी नोकरीच्या परीक्षांचा अभ्यास करायचो. तिथलं भाडं, बसचा पास, दुपारची इडली, सगळं त्या भत्त्यावर. त्यासाठी दर महिन्याला कॉम्प्युटरसमोर बसून कबूल करायचं, की मी अजून बेकार आहे आणि मला काही मिळकत नाही. घरची माणसं हे मला रोज ऐकवायची, तेही फुकट. सरकार निदान त्याचे पैसे देत होतं.

माझ्या वडिलांना, म्हणजे आप्पांना, ते कबूल करणं फार लागायचं. आप्पा सकाळी रताळ्याच्या शेतात आणि दुपारपाळीला कारखान्यात. शेतीच्या मिळकतीला कर नाही, आणि कारखान्याचा पगार कर बसण्याएवढा नाही. त्यामुळं टॅक्सवाल्यांनी त्यांना जन्मात कधी विचारलं नव्हतं.

एक दिवस ते मला घेऊन रिटर्न भरून देणाऱ्या माणसाकडं गेले. म्हणाले, "पोराच्या नावानं एक रिटर्न भरा. शिकवण्या घेतोय म्हणून दावा."

मी आजवर कुणाच्या पोराला बे एके बे शिकवलं नव्हतं.

त्या माणसानं चष्मा काढून समजावलं. भत्ता मिळकतीत धरला तरी एवढ्याशा पैशाला कर बसत नाही, त्याची काळजी सोडा. पण शिकवणीची कमाई लिहिली तर पोरगा बेकार कसला? भत्ता थांबेल.

"तिकडचा कॉम्प्युटर इकडच्या कॉम्प्युटरला सांगाय जातोय व्हय?" आप्पा म्हणाले.

"वडिलांचं नाव?" त्यानं मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आत आप्पांनी उभं राहून आपलं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, दोनदा. पुढं मोबाईलवर आलेला ओटीपी मीच वाचून दाखवला. लग्न मलाही करायचंच होतं.

मग निपाणीचं स्थळ आलं. आई, आप्पा आणि मी बघायला गेलो. पोरगी पदवीधर होती, मान खाली घालून बसणारी नव्हती. पोह्यांची बशी माझ्या हातात देताना म्हणाली, "मिरची बाजूला काढा, तिखट आहे." मला ती आवडली. खोटं कशाला बोलू, तिथंच आवडली.

बोलणी तिच्या मामाच्या हातात होती. त्यानं विचारायची खोटी, आप्पांनी पिशवीतनं प्लास्टिकच्या कव्हरातला रिटर्न काढला. मामानं तो वर-खाली बघितला आणि आतल्या बाईला सांगितलं, "चहा टाक गं." आप्पा मागं टेकून बसले. असं ऐटीत बसलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं.

तेवढ्यात पोरीनं मला विचारलं, "शिकवण्या घेता, मग भत्ता बंद झाला असेल तुमचा? मला मिळतो, म्हणून विचारलं."

साधा प्रश्न होता. हो म्हटलं असतं तर काम झालं होतं. आप्पा माझ्याकडं बघत होते, आई पदराशी चाळा करत होती. पण त्या पोरीशी मला जन्म काढायचा होता, आणि पहिल्याच वाक्याला थाप मारायची म्हणजे झालंच की कल्याण.

मी म्हणालो, "बंद न्हाय झाला. मी बेकार आहे. ते शिकवणीचं खोटं आहे."

मामानं कागद आप्पांच्या पुढ्यात ठेवला. चहा आला, तो सगळ्यांनी प्यायला. आप्पांनी कागद परत कव्हरात घालायला लई वेळ लावला. त्यांचे हात बघून मला रडू येत होतं, आणि रागही येत होता, त्यांचाच.

परतीच्या बसमध्ये संकेश्वर मागं पडल्यावर आप्पा म्हणाले, "हरिश्चंद्राच्या अवलादी, अर्धा तास थांबला असतास तर काय बिघडलं असतं रं?"

निपाणीहून निरोप आला: मुलगा खरं बोलतो, चांगला आहे, पण आम्ही नोकरीवाला बघतोय. मला लई वाईट वाटलं. पुढच्याच महिन्यात भत्ताही थांबला. कॉम्प्युटरनं कॉम्प्युटरला सांगितलं होतं.

"भत्ता गेला, पोरगी गेली," आप्पा सोप्यात बसून म्हणाले. "रिटर्न तेवढा ऱ्हायला. तो मागं घेता येत न्हाय?"

"दुरुस्त करता येतोय. कमाई शून्य लिहायची."

आप्पा पायाची माती खरवडायला लागले.

"शून्य लिहिलं," त्यांनी विचारलं, "तर वडिलांचं नाव काढत्यात काय?"

"न्हाय आप्पा. ते ऱ्हातंय."

"मग लिही शून्य," ते म्हणाले, आणि पाळीला निघाले.