थोडी रडली असतीस तर

मुलुंडला घरी येऊन दोन तास झाले, अजून कोणाशी बोलावंसं वाटत नाहीये. म्हणून इथे लिहितेय.

मी सोशल वर्कमध्ये मास्टर्स करतेय. उन्हाळ्याच्या सुट्टीतही आमच्या कॅम्पसवर कार्यक्रम असतात. आज समुपदेशनाचा सराव होता. एकीने अडचणीतली बाई व्हायचं, दुसरीने तिचं ऐकायचं. माझ्यासमोर वर्गातली, हॉस्टेलवर राहणारी प्रज्ञा बसली.

ती म्हणाली, "स्थळाला नाही म्हटलं म्हणून आई फोन उचलत नाही. बाबा म्हणाले, सुट्टीत घरी येऊ नकोस."

मी शिकवल्याप्रमाणे मान हलवत ऐकलं. संपल्यावर सगळ्यांसमोर म्हटलं, "झकास केलंस गं! फक्त थोडी रडली असतीस ना, तर अजून खरं वाटलं असतं."

सगळे हसले. प्रज्ञाही हसली. नंतर बाहेर पाण्याची बाटली भरताना मला हळूच म्हणाली, "रडून झालंय गं माझं."

यार, अर्धा वर्ग गावी गेलाय आणि ही सुट्टीतला एकही कार्यक्रम चुकवत नाही. आम्ही तिला 'हौशी' म्हणून चिडवायचो.

उद्याही कार्यक्रम आहे. ती येणारच, दुसरीकडे जाणार कुठे? मी कुठल्या तोंडाने तिच्यासमोर बसू, सांगा ना.